गाण्यांचे व्हिडिओ आणि ब्रँडचं काम: यावर दिग्दर्शकाचं घर चालतं का?

सांगलीच्या एका तरुणाने विचारलं आहे: पुण्यात आयटीत नोकरी करतो, दोन शॉर्ट फिल्म झाल्या, मित्राच्या एका गाण्याचा व्हिडिओही केला. आता म्युझिक व्हिडिओ आणि ब्रँडेड कंटेंटचा (म्हणजे ब्रँडच्या पैशाने केलेल्या गोष्टींचा) दिग्दर्शक म्हणून उभं राहता येईल का? काम कसं मिळतं, पैसे किती मागायचे, मुंबईला यावंच लागतं का, आणि या वाटेने सिनेमापर्यंत पोचता येतं का?

उभं राहता येतं. मी बरीच वर्षं याच दोन कामांवर घर चालवते आहे. या धंद्यात टिकणारे आणि दोन-तीन वर्षांत बाजूला होणारे असे दोन्ही मी जवळून पाहिले. सेटवरच्या हुशारीत ते एकमेकांच्या फारसे मागे नव्हते. छान शॉट लावणारी मुलं आता गल्लोगल्ली आहेत. टिकले ते शूटच्या आधी कागदावर निर्णय घेऊन ठेवणारे, आणि शूटनंतर आपल्या पैशाचा कागद पक्का असलेले. म्हणून कॅमेरा-लेन्सबद्दल इथे जवळजवळ काही लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असेल.

आधी एक डोक्यात पक्कं करा: हे दोन वेगळे व्यवहार आहेत. गाण्यात पैसा लावणारं एक तर लेबल (गाणी काढणारी कंपनी) असतं किंवा स्वतः गायक-संगीतकार. गाणं लोकांच्या तोंडी बसावं आणि चेहरा ओळखीचा व्हावा, एवढंच त्यांना हवं असतं. बजेट बेताचं, पण तुमच्या कल्पनेत ढवळाढवळ करणारी माणसंही कमी. ब्रँडच्या कामात पैसा बरा आणि माणसं पुष्कळ; प्रत्येकाला मत असतं आणि प्रत्येकाला आपल्या वरच्याला उत्तर द्यायचं असतं. गाण्यांमधून शो-रील, म्हणजे आपल्या निवडक कामाचा नमुना, तयार होते, तिच्यावर ब्रँडचं काम येतं, आणि त्या पैशाच्या आधारावर पुढचं गाणं मनासारखं करता येतं. यातलं एकच धरून बसलेले बहुतेक जण एक तर कफल्लक झाले किंवा कंटाळले.

मराठीत या कामाला स्वतःचं पंचांग आहे, आणि ते पाठ असणं फार उपयोगी पडतं. शिवजयंतीची गाणी १९ फेब्रुवारीच्या आधी बाहेर पडायला हवीत, भीमगीतं १४ एप्रिलच्या आधी. गणपतीची गाणी बाप्पा यायच्या तीन-चार आठवडे आधी यूट्यूबवर लागतात, म्हणजे त्यांचं शूट जून-जुलैत, भर पावसात. ठाणे, रायगड, पालघरच्या पट्ट्यात हळदीची आणि आगरी-कोळी गाणी लग्नसराईच्या तोंडावर येतात. हा सगळा बाजार मोठ्या लेबलांवर अवलंबून नाही. गायक आणि स्थानिक निर्माते स्वतःच्या चॅनलवर, स्वतःच्या खिशातून तो चालवतात आणि बघणारेही भरपूर आहेत. ब्रँडची दिवाळीची फिल्म ऑगस्ट-सप्टेंबरात शूट होते, महिला दिनाची जानेवारी-फेब्रुवारीत. मार्च संपायच्या आधी उरलेलं बजेट खर्ची टाकायला काही कामं धावत येतात आणि मग एप्रिलमध्ये फोन थंडावतात. घरखर्चाची आखणी हे धरूनच करा. नोकरी सोडायची तर एप्रिलमध्ये सोडू नका.

आता कामाकडे येते. गाणं हातात आलं की मी आधी हेडफोन लावून ते कागदावर उतरवून काढते: मुखडा किती सेकंदाला, पहिला म्युझिक पीस केवढा, अंतरा कुठे संपतो, ढोलकी कुठे आत येते, आवाज कुठे एकटा पडतो. समजा गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं आहे आणि त्यात मुखडा तीनदा येतो. तिन्ही वेळा तेच चित्र दाखवलं तर फोनवर बघणारा माणूस दुसऱ्या मुखड्यालाच अंगठा सरकवून पुढे जातो. पहिल्या मुखड्याला ती मुलगी एसटीची वाट पाहते आहे. तिसऱ्याला ती त्याच थांब्यावर आहे, पण आता एसटी आली तरी चढत नाही. इतकं साधं चालतं. तिसऱ्या मुखड्यापर्यंत काय बदललेलं असेल, हे एका वाक्यात लिहिता आल्याशिवाय मी लोकेशन बघायला बाहेर पडत नाही.

यातूनच ट्रीटमेंट नोट, म्हणजे व्हिडिओ कसा करणार ते सांगणारा कागद, तयार होते. नवीन मुलं इंटरनेटवरचे सुंदर फोटो गोळा करून पंचवीस पानांचा डेक करतात. तो दिसतो देखणा, पण वाचून झाल्यावर व्हिडिओत काय घडणार ते कळत नाही. पहिल्या पानावर अर्धं पान साधा मजकूर लिहा: कोण आहे, कुठे आहे, काय घडतं, शेवटी काय वेगळं असतं. मग उजेड आणि रंग, माणसं, कपडे, एडिटची गती. शेवटी, जे फारसं कुणी लिहीत नाही ते लिहा: आपण काय करणार नाही. ‘ड्रोन वापरणार नाही, कारण गोष्ट एका खोलीची आहे’, ‘नाचणारी माणसं नाहीत’, ‘गायक कॅमेऱ्यात बघणार नाही’. या तीन ओळींमुळे समोरच्याचा विश्वास बसतो, आणि सेटवर ऐन वेळी कुणी ‘एक ड्रोन शॉट घेऊन टाकू’ म्हणालं तर तुमच्या हातात आधीच मान्य झालेला कागद असतो.

गाण्याच्या सेटवर दिग्दर्शकाला खरोखर यायलाच हवी अशी एक गोष्ट म्हणजे प्लेबॅक, म्हणजे गाणं वाजवून त्यावर गायकाचे ओठ जुळवून घेणं. आदल्या दिवशी एडिटरकडून गाण्याची सेटसाठी वेगळी फाइल करून घ्या. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला तीन बीप हवेत, म्हणजे गायकाला श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. फाइलवर टाइमकोड (सेकंद-फ्रेम मोजणारे आकडे) हवा आणि तो क्लॅपवरही दिसायला हवा, नाहीतर एडिटर चाळीस टेक ओठ बघून जुळवत बसतो. स्लो मोशनमध्ये ओठ हलायला हवे असतील तर गणित सोपं आहे: व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल आणि तुम्ही ५० फ्रेमवर शूट करत असाल, तर गाणं बरोबर दुप्पट वेगाने वाजवायचं. पडद्यावर गायक शांतपणे गाताना दिसतो आणि केस, ओढणी, पाऊस संथ होतात. पण सेटवर त्याला दुप्पट वेगात शब्द म्हणावे लागतात आणि ते सरावाशिवाय जमत नाही. ती दुप्पट वेगाची फाइल मी दोन दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि आरशासमोर म्हणायला सांगते.

टेक चालू असताना मॉनिटरवर काय बघायचं? प, फ, ब, भ, म. या अक्षरांना ओठ मिटतात. ते मिटणं आवाजाशी जुळलं की बाकीच्या अक्षरांतली थोडी चूक डोळा सोडून देतो. ते चुकलं तर सामान्य प्रेक्षकालाही काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी. म्हणून मुखड्यातल्या अशा अक्षरांखाली मी कागदावर रेघा मारून ठेवते आणि एका असिस्टंटला टेकभर फक्त तेवढंच बघायला बसवते.

परवानग्यांचं थोडक्यात. सरकारी जागांसाठी महाराष्ट्रात फिल्म सेलची एक खिडकी योजना आहे, ती वापरा. तिच्यासाठी वेळ हातात ठेवून अर्ज करा. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत आणि विमानतळामुळे मुंबईच्या मोठ्या भागात तो सहजासहजी उडवता येत नाही. लहान मुलं असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि मुलाच्या मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवा. छोट्या गाण्यांमध्ये हे सर्रास गुंडाळून ठेवतात. तुम्ही ठेवू नका. सेटवर उन्हात ताटकळत बसवलेलं पोर बघितलं की माझा तरी पुढचा शॉट सुचायचा थांबतो.

आता पैसे. उदाहरणादाखल ४ लाखांचं गाणं घेऊ, एका दिवसाचं शूट. कॅमेरा आणि लेन्स ४५ हजार, लाइट-ग्रिप आणि जनरेटर ५५, कॅमेरामन आणि त्याची टीम ५०, आर्ट ५०, मेकअप-कपडे ३५, कलाकार आणि कोरिओग्राफर ४५, लोकेशन, गाड्या आणि जेवण मिळून ५०, एडिट आणि ग्रेड (रंगांचं काम) ३०. झाले ३ लाख ६० हजार. उरलेले ४० हजार अडीअडचणीला बाजूला ठेवले की दिग्दर्शकाच्या वाट्याला शून्य. बहुतेक नवे दिग्दर्शक पहिली काही गाणी अशीच करतात आणि त्याला अनुभव म्हणतात. तुम्ही तुमचं मानधन पहिल्या ओळीत लिहा. मी बजेटच्या १० टक्क्यांच्या आसपास धरते. तेवढं लिहिल्यावर गाणं बजेटात बसत नसेल तर एक लोकेशन कमी करा, आठ नर्तकांचे चार करा, जनरेटर टाळून दिवसाउजेडी शूट करा. मात्र अडीअडचणीच्या पैशाला हात लावू नका. आमच्याकडे शिफ्ट १२ तासांची धरतात. त्यापुढे गेलात की लाइट आणि कॅमेऱ्याची माणसं जादा पैसे मागणार, आणि ते त्यांच्या हक्काचे आहेत.

फुकट काम करायचंच नाही का? करा, पण तुमच्या अटींवर. ज्या गाण्यात कल्पना पूर्णपणे तुमची आहे आणि जे शो-रीलमध्ये पहिल्या क्रमांकावर लागणार आहे, तेच. ‘या वेळी बजेट नाही, पण पुढचं मोठं काम तुम्हालाच’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे. ते पुढचं मोठं काम बजेट आल्यावर दुसऱ्याकडे जातं, कारण तोवर तुम्ही त्यांच्या डोक्यात फुकटवाले ठरलेले असता.

ब्रँडच्या कामाची रीत साधारण अशी. ब्रँडची जाहिरात एजन्सी ब्रीफ (काय हवं ते सांगणारा कागद) आणि स्क्रिप्ट तयार करते, दोन-तीन प्रॉडक्शन हाउसना बोलावते, प्रत्येक हाउस आपल्या दिग्दर्शकाकडून ट्रीटमेंट मागतं. काम एकाला मिळतं, बाकीच्यांची मेहनत वाया जाते आणि तिचे पैसे बहुधा कुणी देत नाही. ब्रीफ आलं की मी लगेच फोन करून तीन गोष्टी विचारते: शेवटचा होकार कुणाचा? ही फिल्म कुठे दिसणार, टीव्हीवर, यूट्यूबवर की रील म्हणून? आणि यातलं काय बदलता येणारच नाही? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच बहुतेक वेळा खरं ब्रीफ असतं.

ब्रँडेड कंटेंट आणि साधी जाहिरात यांत मी एकच चाचणी लावते: वस्तू काढून घेतली तर गोष्ट चालू राहते का? वेब मालिका करणाऱ्या टीव्हीएफने २०१६ मध्ये टाटा टियागोबरोबर तीन भावंडांच्या प्रवासाची मालिका केली. तिथे गाडी काढली तर प्रवासच उरत नाही, म्हणून ती कुठे चिकटवलेली वाटली नाही. त्याआधी २०१४ मध्ये त्यांनीच कॉमनफ्लोअर या घरं शोधून देणाऱ्या कंपनीबरोबर एका तरुण जोडप्याची मालिका केली होती. जोडप्याला घर लागणारच. मराठीत भाडिपा या यूट्यूब चॅनलने २०१६ पासून घरातल्या बोलण्याच्या सुरात बरंच काम केलं. त्यातून मराठी प्रेक्षक ब्रँडसाठीही यूट्यूबवर आहे हे अनेक मार्केटिंगवाल्यांच्या लक्षात आलं. तुम्हाला सांगली-कोल्हापूरची बोली येते. हिंदी स्क्रिप्टचं मराठी करून आणलेल्या फिल्ममध्ये आई मुलाला ‘बेटा’च्या जागी ‘बाळा’ म्हणते आणि बाकी सगळं हिंदीच राहतं. ते दुरुस्त करू शकणारा दिग्दर्शक एजन्सीला हवा असतो. ही तुमची मोठी जमेची बाजू आहे आणि ती पहिल्याच भेटीत दिसू द्या.

काम मिळालं की शूटच्या आधी पीपीएम होते, म्हणजे सगळ्यांची शेवटची बैठक. चेहरे, कपडे, लोकेशन, भांडीकुंडी, स्टोरीबोर्ड, वेळापत्रक, सगळं दाखवायचं आणि त्याच संध्याकाळी ‘हे हे मान्य झालं’ असा मेल पाठवायचा. हा मेल म्हणजे तुमची ढाल. सेटवर क्लायंट आणि एजन्सीची माणसं एका मॉनिटरमागे बसतात. सगळ्यांच्या सूचना थेट कलाकारापर्यंत पोचू लागल्या तर त्या बिचाऱ्याचा अभिनय दहा मिनिटांत संपतो. म्हणून आधीच ठरवा की एजन्सीचा एकच माणूस तुमच्याशी बोलेल आणि कलाकाराशी फक्त तुम्ही. त्यांना हवा तसा एक टेक मात्र जरूर द्या, तोही मनापासून. कधी कधी तोच बरा असतो.

प्रॉडक्टचा शॉट कमी लेखू नका. दिवसाचा निम्मा ताण तिथे असतो. थंड बाटलीवरचे थेंब नुसत्या पाण्याचे असतील तर लाइटखाली पाच मिनिटांत ओघळतात. ग्लिसरीन आणि पाणी सम प्रमाणात मिसळून स्प्रे करतात, ते थेंब तासभर जागचे हलत नाहीत. काचेवर लाइटचं प्रतिबिंब कुठून कुठपर्यंत पडतं, लेबल सरळ आहे ना, बूच कंपनीच्या नव्या डिझाइनचं आहे ना, हे बघायला एक माणूस राखीव ठेवा. जुन्या डिझाइनची बाटली शूट झाली म्हणून अख्खं काम परत करावं लागल्याची उदाहरणं आमच्या धंद्यात आहेत. शूटच्या आधीच हेही विचारा की ६० सेकंदांच्या फिल्मबरोबर ३०, १५ आणि ६ सेकंदांची रूपं हवीत का, उभी फ्रेम हवी का. उभ्या फ्रेमसाठी माणसं वेगळी उभी करावी लागतात. एडिट टेबलावर कडा कापून ती नीट होत नाही.

आणि पैसे देऊन केलेला मजकूर आहे हे प्रेक्षकाला स्पष्ट दिसलं पाहिजे. एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०२१ पासून इन्फ्लुएन्सरच्या मजकुरासाठी तसे लेबल लावायला सांगितलं आहे. ब्रँडचा माणूस ‘लेबल जरा लपवूया’ म्हणाला तर लेखी नकार द्या.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे कुणी शिकवत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे, आणि म्युझिक व्हिडिओही त्यातच मोडतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क दिला, दिग्दर्शकाला दिला नाही. म्हणजे व्हिडिओ कितीही कोटी वेळा बघितला गेला तरी करारात लिहिलं असेल तेवढंच तुमचं. तर करारात लिहून घ्या: नाव कुठे आणि कसं येणार (यूट्यूबच्या वर्णनात पहिल्या ओळींत), काम शो-रीलमध्ये दाखवायची परवानगी, किती वेळा बदल करून देणार आणि त्यापुढच्या बदलांचे पैसे, आणि शूट ऐन वेळी रद्द झालं तर किती टक्के रक्कम तुमची. निम्मे पैसे शूटच्या आधी. उरलेल्यांतला बराचसा भाग एडिट मान्य झाल्यावर, फाइल हातात देण्यापूर्वी. तोवर वॉटरमार्क असलेलीच फाइल पाठवायची.

मोठ्या कंपन्या नव्वद दिवसांनी पैसे देतात, तोवर तुम्ही कॅमेरावाल्याला तोंड दाखवू शकत नाही. यावर एक उपाय आहे: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३ मध्ये आयकर कायद्यात झालेल्या बदलामुळे ही मुदत चुकवणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे चुकते होईपर्यंत करातून वजा करता येत नाही. त्यामुळे त्यांचा अकाउंट्स विभाग या नोंदणीकडे लक्ष देतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, दर १८ टक्के. बिल फाडल्यावर तो कर तुम्हाला भरावाच लागतो, क्लायंटचे पैसे आलेले असोत वा नसोत. तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात शिल्लक हवी. चांगली माणसं मी इथेच अडकलेली पाहिली आहेत.

सिनेमाबद्दल. प्रदीप सरकार जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओ करत करत सिनेमाकडे आले. २००५ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा ते पन्नाशीचे होते. पुण्याच्या गौरी शिंदे जाहिरातींतूनच २०१२ मध्ये चित्रपटाकडे गेल्या. वाट आहे, पण ती आपोआप पुढे सरकत नाही. तीन मिनिटांचं काम करून करून माणसाला सुंदर क्षण रचायची सवय लागते, आणि दोन तास माणसं सांभाळायची सवय मोडते. ज्यांना सिनेमा करायचा आहे त्यांनी दर वर्षी संवाद असलेलं काहीतरी करावं, दहा मिनिटांचं का होईना. आणि स्वतःची पटकथा लिहीत राहावं, कारण जाहिरातीत स्क्रिप्ट एजन्सीकडून येते आणि ती लिहायची सवय कुणी तुम्हाला लावत नाही.

मुंबईला लगेच येऊ नका. पुण्यात राहून, सांगली-कोल्हापूरकडच्या गायकांबरोबर दोन गाणी अशी करा की ती बघून ती कुणाची आहेत हे विचारावंसं वाटेल. कोल्हापूरला चित्रनगरी आहे, भाडं मुंबईपेक्षा कमी पडतं, आणि तुमची माणसं ओळखीची आहेत. मग मुंबईतल्या प्रॉडक्शन हाउसच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरला मेल करा, मालकाला नको. दिग्दर्शकांची नावं सुचवण्याचं काम बहुतेक ठिकाणी तोच करतो. मेलमध्ये चार ओळी आणि दोनच लिंक, सगळ्यात चांगलं काम आधी. प्रत्येक लिंकखाली लिहा की बजेट किती होतं आणि शूट किती दिवसांत झालं. हा तपशील बहुतेक जण देत नाहीत, आणि त्या माणसाला सगळ्यात आधी तोच हवा असतो.